कृषी विस्तारासाठी वेब अनुप्रयोग व यूट्यूब यांची जोडणी : परभणी जिल्ह्याच्या संदर्भात

बीजसंज्ञा : वेब अनुप्रयोग, यूट्यूब, एपीआय, कृषी विस्तार, ध्वनिचित्रफीत

प्रस्तावना :

परभणी हा मराठवाड्यातील कृषिप्रधान जिल्हा असून कापूस, सोयाबीन, तूर व ज्वारी ही येथील प्रमुख पिके आहेत. १८ मे १९७२ रोजी परभणी येथे मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. २०१३ मध्ये त्यास वसंतराव नाईक यांचे नाव देण्यात आले. विद्यापीठाचे खरीप व रब्बी मेळावे आणि 'शेतीभाती' हे मासिक यांतून संशोधन शेतकऱ्यांपर्यंत पोहोचत आले आहे. २००५ मध्ये सुरू झालेल्या यूट्यूबमुळे अशा मार्गदर्शनास ध्वनिचित्रफितीचे माध्यम लाभले. परंतु फीत उपलब्ध असणे आणि ती योग्य वेळी योग्य शेतकऱ्यास सापडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. कपाशीवर गुलाबी बोंडअळी दिसल्यावर शेतकऱ्याच्या हाती थोडेच दिवस असतात. यूट्यूबचा शोध लोकप्रियतेकडे झुकतो. शिफारस कालबाह्य झाली आहे की नाही हे तो ठरवीत नाही. हा निर्णय संस्थेच्या स्वतःच्या वेब अनुप्रयोगाने घ्यावयास हवा. अशी जोडणी कशी करावी याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

जोडणीचे दोन स्तर :

पहिला स्तर प्रदर्शनाचा. यूट्यूबवरील प्रत्येक फितीस अकरा चिन्हांचा ओळखक्रमांक असतो. तो आयफ्रेममध्ये देताच फीत संकेतस्थळावर दिसू लागते. यासाठी कोणतीही परवानगी-किल्ली लागत नाही. आरंभबिंदू सेकंदांत देण्याची सोयही आहे. मेळाव्यातील व्याख्यानांची फीत काही तासांची असल्यास तुरीविषयीचा भाग नेमका तेथूनच सुरू करता येतो.

दुसरा स्तर माहितीच्या देवाणघेवाणीचा. यूट्यूब डेटा एपीआयद्वारे वाहिनीवरील फितींची शीर्षके, दिनांक व स्थिती मागविता येते. सार्वजनिक माहितीसाठी एपीआय किल्ली पुरते. फीत चढविणे किंवा बदलणे यासाठी मात्र ओऑथ पद्धतीने वाहिनीधारकाची संमती घ्यावी लागते. किल्ली सर्व्हरवरच ठेवावी. ती पृष्ठाच्या संकेतावलीत लिहिल्यास कोणीही तिचा वापर करून संस्थेचा दैनिक कोटा संपवू शकतो.

कोट्याचे नियोजन :

प्रत्येक प्रकल्पास सर्वसाधारणपणे दररोज १०,००० एकके मिळतात. वाहिनीची 'अपलोड' यादी वाचण्यास प्रत्येक मागणीमागे १ एकक लागते व एका मागणीत जास्तीत जास्त ५० फिती मिळतात. समजा, वाहिनीवर ५०० फिती आहेत. त्यांची यादी १० मागण्यांत व सविस्तर तपशील आणखी १० मागण्यांत मिळेल, म्हणजे एकूण २० एकके पुरतील. याउलट, प्रत्येक अभ्यागतासाठी यूट्यूबचा शोध चालविल्यास त्याचा खर्च कितीतरी पटींनी अधिक होतो. म्हणून दिवसातून एकदा यादी आणून ती स्वतःच्या माहितीसाठ्यात ठेवावी व शोध तेथेच घ्यावा. अशी साठविलेली माहिती ३० दिवसांच्या आत ताजी करणे सेवेच्या अटींनुसार आवश्यक आहे.

स्वतःच्या माहितीसाठ्याचे महत्त्व :

माहितीसाठ्यात ओळखक्रमांकासोबत पीक, वाण, पिकाची अवस्था, कीड अथवा रोग, आरंभबिंदू व तज्ज्ञांनी केलेल्या फेरतपासणीचा दिनांक या नोंदी असाव्यात. शीर्षकात केवळ 'सोयाबीन व्यवस्थापन' असले तरी पेरणी, तणनियंत्रण वा काढणी यांपैकी कोणती अवस्था अभिप्रेत आहे हे यंत्रास आपोआप कळत नाही. ही नोंद विषयतज्ज्ञानेच करावयाची असते. फेरतपासणीची मुदत उलटलेली फीत अनुप्रयोगाने आपोआप मागे घ्यावी. कीटकनाशकाच्या जुन्या मात्रेची शिफारस शेतकऱ्यास आर्थिक हानी पोहोचवू शकते, ही बाब येथे विसरता कामा नये.

या रचनेचा आणखी एक लाभ आहे. यूट्यूबने आपल्या एपीआयची दुसरी आवृत्ती २०१५ मध्ये बंद केली, तेव्हा तीवर अवलंबून असलेल्या आज्ञावल्या बदलाव्या लागल्या. एपीआयशी बोलणारा भाग स्वतंत्र ठेवल्यास पुन्हा असा बदल झाला तरी तेवढाच भाग नव्याने लिहावा लागेल. तज्ज्ञांनी केलेले वर्गीकरण अबाधित राहील.

ग्रामीण वापराच्या मर्यादा :

जिंतूर, पालम यांसारख्या तालुक्यांतील एखाद्या गावात जोडणी मंद असल्यास एका पृष्ठावरील दहा प्लेअर उघडण्यास विलंब लागतो. म्हणून आरंभी केवळ लघुचित्र दाखवावे व त्यास स्पर्श केल्यावरच प्लेअर आणावा. फितीखाली मात्रा, प्रमाण व काळ यांचा मराठी मजकूर द्यावा, म्हणजे फीत न चालताही सल्ला हाती राहील.

निष्कर्ष :

ध्वनिचित्रफितींचा साठा व प्रसारण यांचा भार यूट्यूबवर सोपविणे अल्प साधनांच्या संस्थांना हितावह आहे. मात्र वर्गीकरण, कालमर्यादा व सत्यता यांची जबाबदारी सोपविता येत नाही. ती संस्थेच्या अनुप्रयोगात आणि त्यामागील तज्ज्ञांकडेच राहिली पाहिजे.