पुण्याच्या वाड्यातील देव्हारा

पेशवाईत आणि त्यानंतरच्या शतकभरात पुण्याच्या पेठांत जे वाडे उभे राहिले, त्यांत देवघर ही जशी ठरलेली खोली असे, तसा त्या खोलीतला लाकडी देव्हारा ही पिढ्यान्‌पिढ्या चालत येणारी वस्तू असे. १८८६ मध्ये लॉर्ड रे यांच्या नावाने उघडलेली आणि पुढे महात्मा फुल्यांचे नाव मिळालेली मंडई, तिच्या शेजारची तुळशीबाग आणि भोवतालच्या शुक्रवार-बुधवार पेठा हा परिसर या देव्हाऱ्याच्या नित्य गरजा भागवणारा. बेल, दूर्वा, विड्याची पाने, पळी-पंचपात्री आणि समया तेथेच मिळत.

सागवानी किंवा शिसवी देव्हाऱ्याच्या घडणीत वाड्याचीच बांधणी लहान प्रमाणात उतरलेली दिसते. दिवाणखान्यात जे सुरूचे खांब, म्हणजे सुरूच्या झाडाप्रमाणे वर निमुळते होत जाणारे खांब, ज्या महिरपी आणि जी केळफुलाची नक्षी असे, तीच सुतार देव्हाऱ्यालाही देई. फरक एवढाच की माथ्यावर कळस येई आणि तळाशी खण असत. या खणांत वस्त्रे, जानवी, वाती, उदबत्त्या आणि रुमालात बांधलेल्या पोथ्या ठेवल्या जात, त्यामुळे देव्हारा हे मंदिर आणि पेटी दोन्ही असे.

त्याचे खरे मोल मात्र आतल्या देवांत आहे. पंचायतन पूजा, म्हणजे गणपती, शिव, विष्णू, देवी आणि सूर्य या पाच देवतांची एकत्र पूजा, ज्या घरात असे, तेथे परंपरेप्रमाणे शोणभद्रेचा तांबडा पाषाण गणपती म्हणून, नर्मदेतला बाण शिव म्हणून आणि गंडकीतला शाळिग्राम विष्णू म्हणून पूजिला जाई; दूरदूरच्या नद्यांचे दगड अशा रीतीने एका घराच्या कोनाड्यात एकत्र येत. त्यांच्या जोडीला कुलदैवतांचे टाक असत. टाक म्हणजे चांदीच्या किंवा इतर धातूच्या पत्र्यावर उठावाने काढलेली देवतेची प्रतिमा. अनेक घरांत घराण्यातील पूर्वजांचेही टाक याच रांगेत बसत. लग्न होऊन येणारी मुलगी माहेराहून अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण घेऊन येते, ही चाल लक्षात घेतली तर एकाच देव्हाऱ्यात तीन-चार बाळकृष्ण का दिसतात, याचा उलगडा होतो. वंशावळीत बहुधा पुरुषांचीच नावे लिहिली गेली. घरात आलेल्या स्त्रियांची खूण मात्र देव्हाऱ्याने जपली, आणि कौटुंबिक इतिहासाच्या अभ्यासकांनी या साधनाकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे म्हणणे भाग आहे.

हे देव एरवी अचल नसत. नवरात्रात मात्र ते घटी बसत, म्हणजे टाक विड्याच्या पानांवर मांडून नऊ दिवस जागचे हलवले जात नसत. खंडोबा ज्यांचे कुलदैवत, ती कुटुंबे टाक जेजुरीला देवभेटीसाठी नेत. अशा प्रवासात देव संपुष्टात, म्हणजे झाकणाच्या धातूच्या डब्यात, ठेवले जात.

घरातील पूजेसाठी पिढीजात लाकडी वस्तू जपण्याची ही रीत एका धर्मापुरती किंवा एका देशापुरती नाही. फिलिपिन्समधील बोहोल बेटावर ख्रिस्ती कुटुंबे कोरीव लाकडी पेटीवजा देवघरात, ज्याला तेथे उर्ना म्हणतात, संतांच्या मूर्ती ठेवतात, आणि गोव्यातील ख्रिस्ती घरांतही दारे असलेली लाकडी वेदी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आढळते. स्पेन आणि पोर्तुगालकडून आलेल्या धर्माला स्थानिक सुताराने आपल्या नक्षीचे रूप दिले.

वाडे पडू लागले तेव्हा देव आणि देव्हारा यांची ताटातूट झाली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून आलेल्या पुरात नदीकाठच्या पेठांतील असंख्य वाडे कोसळले, पुढे वाटण्या आणि इमारतींचे पुनर्बांधकाम यांनी उरलेले विस्कटले. वाटणीत टाक बहुधा थोरल्या घरी गेले, धाकट्यांनी नवे घडवून घेतले, आणि सदनिकेत न मावणारा देव्हारा जुन्या बाजारात गेला. मंडईपासून जवळच, शुक्रवार पेठेत, असलेले राजा दिनकर केळकर संग्रहालय याच पडझडीच्या काळात वाढले. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकरांनी (१८९६–१९९०) नित्य वापरातले दिवे, अडकित्ते, कोरीव दरवाजे यांसारख्या वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने उभा केलेला हा संग्रह महाराष्ट्र शासनाला दिला. त्यांच्या दृष्टीमुळे घरगुती वस्तू इतिहासाचे साधन ठरल्या, हे त्यांचे मोठे ऋण आहे.

तरीही घराण्याची माहिती नसलेला देव्हारा संग्रहालयात केवळ सुतारकामाचा नमुना होऊन राहतो. म्हणून ज्यांच्या घरी असा देव्हारा अजून आहे, त्यांनी तो कोणत्या गावाहून आला, त्यात कोणते टाक होते, कोणता बाळकृष्ण कोणत्या सुनेबरोबर आला, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे, आणि देव्हारा द्यायचाच झाला तर तो कागद त्याच्यासोबत द्यावा.