भिंत खासगी, दर्शन सार्वजनिक : म्हैसूरमधील जाहिरात फलकांचे नियम

म्हैसूर : सय्याजीराव रस्त्यावरील एखाद्या घरमालकाने आपली गच्ची जाहिरात कंपनीला भाड्याने दिली, तर तो व्यवहार केवळ त्या दोघांमधील राहत नाही. कर्नाटक महानगरपालिका अधिनियम, १९७६ च्या कलम १३५ नुसार शहरातील कोणत्याही जमिनीवर, इमारतीवर, भिंतीवर वा सांगाड्यावर जाहिरात लावण्यासाठी आयुक्तांची लेखी परवानगी आवश्यक असते. जागा स्वतःच्या मालकीची असल्याने ही अट टळत नाही.

यामागील तत्त्व कर्नाटक खुल्या जागांचे विद्रूपीकरण प्रतिबंधक अधिनियम, १९८१ मध्ये अधिक स्पष्टपणे मांडलेले आहे. सार्वजनिक ठिकाणाहून जे दिसते, ते खासगी आवार, भिंत, कुंपण किंवा झाड असले तरी या कायद्याच्या कक्षेत येते. विनापरवाना जाहिरात लावल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दंडाची ही रक्कम आजच्या भाडेदरांपुढे नाममात्र आहे, हे नाकारता येणार नाही.

मालकाच्या दृष्टीने अधिक गंभीर बाब जबाबदारीची आहे. ‘परवानगीचे कंपनी पाहील’ असे गृहीत धरून अनेक मालक करारावर सही करतात. मात्र फलक बेकायदा आढळल्यास तो जागेच्या मालकानेच किंवा ताबेदारानेच लावला, असे महानगरपालिका कायदा मानतो. आपल्या संमतीशिवाय अन्य कोणी तो लावल्याचे सिद्ध करण्याचा भार मालकावर येतो. शिवाय मिळालेली परवानगीही कायम टिकणारी नसते. जाहिरातीत महत्त्वाचा बदल केला किंवा फलकाला धक्का लागेल असे बांधकाम त्या इमारतीत केले, तर ती रद्द ठरू शकते.

दुकानाची पाटी हा वेगळा विषय आहे. त्याच जागेत चालणाऱ्या व्यवसायाविषयीच्या आणि खिडकीच्या आतील जाहिरातींना कायद्याने जाहिरात करातून सूट दिली आहे. गच्चीच्या वर आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणाऱ्या फलकांना मात्र ही सवलत नाही. पुणेकरांना महापालिकेच्या ‘आकाशचिन्ह’ विभागामुळे हा शब्द परिचित आहे. मुंबईतील एटीएम केंद्रांवरील फलकांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ओळख पटवणारी पाटी आणि व्यापारी आवाहन करणारी जाहिरात यांत भेद केला होता. कर्नाटकात नामफलकांवर ६० टक्के मजकूर कन्नडमध्ये असण्याचे २०२४ च्या दुरुस्तीचे बंधन मात्र स्वतंत्रपणे लागू होते.

खासगी जागेवरील फलकांसाठी परवाना सक्तीचा करणे मालमत्तेच्या वा अभिव्यक्तीच्या हक्कावर घाला आहे, हा युक्तिवाद न्यायालयात टिकलेला नाही. चेन्नईतील फलकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये परवाना पद्धत वैध ठरवली. वाहनचालकांचे लक्ष विचलित होणे आणि सांगाडा कोसळणे, हे दोन्ही धोके रस्त्यावरील लोकांनाच भोगावे लागतात. मुंबईत घाटकोपर येथे १३ मे २०२४ रोजी वादळात कोसळलेल्या फलकाखाली १७ जणांचा मृत्यू झाला. तेथे महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची असताना तो फलक सुमारे १२० बाय १२० फुटांचा होता. ती जागा खासगी नव्हती, लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातील होती. तरीही जागेच्या ताबेदाराने दिलेली संमती आणि महापालिकेची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या दुर्घटनेने दाखवून दिले.

म्हैसूरमध्ये सुरक्षेइतकाच वारशाचा प्रश्न आहे. १९१२ मध्ये पूर्ण झालेल्या राजवाड्यापासून निघणारी दसऱ्याची जंबो सवारी के. आर. सर्कल आणि सय्याजीराव रस्त्याने बन्नीमंटपकडे जाते. याच मार्गावर देवराज मार्केटसारख्या जुन्या वास्तू आहेत आणि जाहिरातदारांना सर्वाधिक हवी असलेली दर्शनी जागाही हीच आहे. कर्नाटक नगर व ग्राम नियोजन अधिनियमात वारसा इमारतींची व्याख्या करण्यात आली असून, अशा इमारतीच्या दर्शनी भागावर काही उभारण्यापूर्वी मालकाने महानगरपालिकेबरोबरच नियोजन प्राधिकरणाकडेही चौकशी करणे आवश्यक ठरते.