मॉड म्हणजे काय रे भाऊ?

"आई, मोबाइल दे ना, फक्त दहा मिनिटं!" हे वाक्य तुमच्या घरी दिवसातून किती वेळा ऐकू येतं? आमच्याकडे मी मोजणं सोडून दिलंय. आणि खरं सांगू का मैत्रिणींनो, हातात कणकेचा गोळा असला की आपणही म्हणतो, "घे बाबा, पण पसारा घालू नकोस." मोबाइलमध्ये कसला आलाय पसारा, असं मला वाटायचं. तो केवढा पडू शकतो हे गेल्या जूनमध्ये कळलं.

संध्याकाळची वेळ. तव्यावर भाकरी. ओट्यावरच्या फोनवर ओटीपी आला. मी काही मागवलं नव्हतं, कुणाला पैसे पाठवले नव्हते. म्हटलं, चुकून आला असेल. दोन मिनिटांत दुसरा, मग तिसरा. आता सांगायची गोष्ट अशी, की आमच्या बचत गटाची मी खजिनदार. गटाच्या खात्याला माझाच नंबर जोडलेला. अठरा बायकांचे पैसे! गॅस बंद केला, बँकेच्या नंबरवर फोन लावून खातं गोठवायला सांगितलं. भाकरी तव्यावरच करपली.

पैसे वाचले. पण दुसऱ्या दिवशी दुकानातल्या मुलानं फोन उघडून पाहिला तर त्यात एक अनोळखी अॅप बसलेलं, आणि माझे सगळे मेसेज वाचायची परवानगी त्याच्याकडे. म्हणजे ओटीपी मला दिसायच्या आधी तिकडे कुणाला तरी दिसत होता. फोन पूर्ण पुसून कोरा करावा लागला. भाचीच्या डोहाळजेवणाचे फोटो गेले ते गेलेच.

माझा लेक ओंकार आठवीत आहे. रडत रडत म्हणाला, "आई, मी फक्त मॉड टाकत होतो गं."

मॉड? हा काय नवीन प्रकार? आधी दोन धपाटे घालावेसे वाटले, खोटं कशाला बोलू! पण गटाच्या बैठकीत सगळ्यांना झालेला प्रकार सांगायचा होता. मला स्वतःलाच कळलेलं नाही, तर सांगणार काय? म्हणून त्यालाच समोर बसवलं. म्हटलं, "मला शिकव. अगदी पहिलीपासून."

तर मॉड म्हणजे गेममध्ये हौशी माणसांनी केलेला बदल. गेम कंपनीचा, पण त्यात नवी गाडी, नवा रस्ता, नवे कपडे, कधी अख्खी नवी गोष्ट दुसरंच कुणी घालतं. बाजारातून साधी साडी आणून आपण तिला काठ लावतो, फॉल-पिको करतो, तसं. यात मुळात वाईट काही नाही. काउंटर-स्ट्राइक हा जगभर गाजलेला गेम १९९९ मध्ये असाच मॉड म्हणून जन्मला. 'हाफ-लाइफ' नावाच्या गेमवर दोन तरुणांनी तो केला होता. मूळ कंपनीला तो इतका आवडला की २००० मध्ये तिनं तो स्वतःच्या नावानं बाजारात आणला आणि त्या मुलांना कामावर घेतलं. मी ओंकारला म्हटलं, "मग तूपण कर ना काही असलं!" (हे म्हणायला नको होतं. तेव्हापासून तो अभ्यासाच्या वेळीही तेच पुढे करतो.)

मॉड टाकायची सगळ्यात जुनी रीत म्हणजे फाइल बदलणं. जीटीए सॅन अँड्रियाससारख्या गेममध्ये मुलं हेच करायची. गेमच्या फोल्डरमधली जुनी फाइल काढायची आणि त्याच नावाची नवी ठेवायची. जुनी आधी दुसरीकडे जपून ठेवली नाही तर गेम बंद पडला की बोंबला! मापाचा ब्लाउज उसवून टाकल्यावर माप कुठून आणणार?

या गेमचीच एक गोष्ट आयांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. कंपनीनं काही अश्लील दृश्यं गेममध्ये झाकून तशीच ठेवली होती. २००५ मध्ये एका मॉडमुळे ती उघडी पडली. अमेरिकेत गेमवरचा वयाचा शिक्का बदलून 'फक्त प्रौढांसाठी' झाला आणि मोठमोठ्या दुकानांनी तो काढून टाकला. म्हणजे डब्यावर लिहिलेलं वय हे मूळ गेमचं असतं. मॉड टाकल्यावर आत काय निघेल ते डबा सांगत नाही.

दुसरी रीत माइनक्राफ्टची. ठोकळ्यांचा तो गेम बहुतेक घरांत माहीत असेल. लॅपटॉपवर जावा आवृत्ती असेल, तर आधी 'फोर्ज' किंवा 'फॅब्रिक' नावाचा मधला प्रोग्रॅम बसवावा लागतो, आणि मग 'मॉड्स' नावाच्या फोल्डरमध्ये मॉडची फाइल नुसती ठेवायची. पण फोर्जचा मॉड एरवी फॅब्रिकला चालत नाही, आणि गेमची आवृत्ती नि मॉडची आवृत्ती जुळावी लागते. हे मला लगेच कळलं. कुकरची रिंग आणताना आपण कंपनी आणि लिटर दोन्ही सांगतो की नाही? तसंच. फोनवरचं माइनक्राफ्ट वेगळं. तिथे अॅड-ऑनची फाइल दाबली की गेम ती स्वतः आत घेतो.

'स्कायरिम'सारख्या गेमला तर शेकड्यानं मॉड लावणारे लोक आहेत. ते हातानं करत बसत नाहीत. 'व्हॉर्टेक्स'सारखा एक मॅनेजर ठेवतात. कुठला मॉड आधी, कुठला नंतर हे तो बघतो. क्रम चुकला तर बिघडतं, मोहरी तडतडायच्या आधी हळद टाकल्यासारखं.

आणि मला सगळ्यात आवडलेली रीत म्हणजे स्टीमवरची 'वर्कशॉप', २०११ पासूनची. संगणकावर स्टीममधून घेतलेल्या गेमला त्याची सोय असेल तर मॉडसमोरचं 'सबस्क्राइब' बटण दाबायचं, बस्स. मॉड आपोआप येतो, बदल झाला की नवाही आपोआप येतो, नको असेल तर बंद. रतीबच की! शहर वसवायच्या 'सिटीज : स्कायलाइन्स' या गेममध्ये लोक असा रतीब लावून इमारती, गाड्या, रस्ते काय काय आणतात.

मग ओंकारनं केलं काय? तो खेळतो 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया'. २०१७ मध्ये आलेला इंडोनेशियाचा गेम, फोनवर फुकट. रस्ते तिकडचे, बसही तिकडच्या. पण त्यात बाहेरून नवी गाडी आणायची सोय कंपनीनंच दिलेली आहे. आणि आपली पोरं काय आणतात माहितीये? आपली एस.टी.! लालपरी, शिवशाही, सगळं हौशी मुलांनी बनवून ठेवलंय.

ओंकारला लालपरीच हवी होती. कारण माझे वडील, आप्पा, एस.टी.त बत्तीस वर्षं ड्रायव्हर होते. सुट्टीत आप्पा येणार, त्यांना दाखवायची होती. त्यानं शोधलं, एका पानावर मोठ्ठं हिरवं 'डाउनलोड' बटण दिसलं, ते दाबलं. पण ते बटण मॉडचं नव्हतंच, जाहिरातीचं होतं. खाली उतरली ती एपीके फाइल. फोननं विचारलं, अनोळखी ठिकाणचं अॅप बसवू का? हो. मेसेज वाचू देऊ का? हो. लालपरीसाठी तो काहीही हो म्हणाला असता.

मैत्रिणींनो, सगळी मेख इथे आहे. गाडीचा मॉड म्हणजे एक सामानाची फाइल असते. तिच्या नावाच्या शेवटी 'बसिडव्हेइकल' किंवा 'बसिडमॉड' असं शेपूट असतं, फार तर ती झिपमध्ये बांधलेली असते. ती गेमच्या 'मॉड्स' फोल्डरमध्ये जाते. (अँड्रॉइड ११ पासून फोन एका अॅपला दुसऱ्याच्या घरात सहजी डोकावू देत नाही, त्यामुळे ते फोल्डर सापडायला जरा खटपट पडते.) एपीके म्हणजे सामान नव्हे, आख्खा नवा भाडेकरू! गाडीच्या मॉडला मेसेज वाचायची परवानगी कशाला हवी? पाटा-वरवंटा विकणारीनं कपाटाची किल्ली मागावी, तसं झालं हे. आणि 'मॉड एपीके', 'अमर्याद नाणी' असं लिहून जे मिळतं ते बहुतेक वेळा कुणीतरी मूळ गेम फोडून पुन्हा शिवलेला असतो. आत काय शिवलंय, देव जाणे.

ओळखीच्या जागेवरून घेतलं म्हणजे शंभर टक्के निर्धास्त, असंही नाही. जून २०२३ मध्ये माइनक्राफ्टच्या मॉडसाठी नावाजलेल्या 'कर्सफोर्ज'वर काही मॉडमध्ये पासवर्ड चोरणारा व्हायरस सापडला होता. पण तिथे तो लोकांच्या लक्षात आला, बोभाटा झाला, मॉड काढले गेले. हिरव्या बटणामागे कोण बसलंय हे मात्र कुणालाच कळत नाही.

बैठकीत मी हे सगळं सांगितलं. एक जण म्हणाली, "पैसे गेले नाहीत ना ताई, मग कशाला सांगत बसलीस?" दुसरी काही बोलली नाही, पण पुढच्या महिन्यात गटाचं खातं माझ्या एकटीच्या फोनवर नको असं तिनंच सुचवलं. लागलं मनाला. पण तिचं बरोबर होतं. आता तो नंबर माझ्या बटणाच्या साध्या फोनमध्ये असतो, आणि १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर आम्ही सगळ्यांनी पासबुकाच्या कव्हरवर लिहून घेतलाय. पैसे गेल्याचं कळताक्षणी तिथे फोन करायचा.

गेमचं काय झालं? तीन आठवडे बंद. मग एका रविवारी आम्ही दोघांनी मिळून लालपरी आणली. फाइलचं शेपूट मी वाचलं. मग रंगाचं काम. त्याला 'लिव्हरी' म्हणतात. गाडीच्या सगळ्या बाजू एका चित्रात सपाट पसरलेल्या असतात. समोरचा भाग इकडे, कडेचा पत्रा तिकडे. ओंकार गोंधळला होता. मी बघितलं आणि हसूच आलं. अरे, हे तर पेपर कटिंग! बाही, पाठ, पुढचा भाग. म्हटलं, सरक. कुठला तुकडा कुठे जोडला जाणार हे मी बोटानं दाखवत गेले, तो रंग भरत गेला. पाटीवर 'बार्शी-पंढरपूर' लिहिलं. आप्पांचा शेवटचा रूट.

आप्पा आले तेव्हा चहाच्या आधीच फोन त्यांच्या हातात. त्यांनी चष्मा लावला, नारळाच्या झाडांमधून जाणारी आपली लाल एस.टी. बराच वेळ बघितली. काही बोलेनात. ओंकार नुसता त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

"वळणावर हॉर्न का नाही दिलास?" आप्पा म्हणाले, आणि फोन त्यांनी रात्री जेवायच्या वेळेपर्यंत परत दिला नाही.