गिअरबॉक्स टिकेल का?

ऑटोमॅटिक गाडी घ्यायचं ठरलं की घरातलं कोणीतरी हमखास विचारतं, "गिअरबॉक्स टिकेल का?" शंका रास्त आहे. पण कुठला गिअरबॉक्स? शोरूममध्ये ऑटोमॅटिक म्हणून विकली जाणारी चार यंत्रं आतून इतकी वेगळी असतात, की एकाची भीती दुसऱ्याला लावून काही उपयोग नाही. आणि गंमत म्हणजे प्रत्येकाची करामत जिथे, तिथेच बहुधा त्याची दुखरी जागा!

टॉर्क कन्व्हर्टर घ्या. गाडी सुटते तेव्हा इंजिन आणि गिअर यांच्यात घट्ट जोडणीच नसते, मध्ये फक्त ऑइल! दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो; इथे वाऱ्याचं काम ऑइल करतं. जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगरने 1905 मध्ये हे काढलं ते जहाजांसाठी. मधली तिसरी चकती परतणाऱ्या ऑइलला वळवते आणि सुटताना इंजिनाचा जोर जवळपास दुप्पट होतो. सिग्नलला सुटताना झिजायला क्लच प्लेटच नाही, म्हणून तुंबलेल्या रस्त्यावर हा सगळ्यांत सोशिक.

सीव्हीटीत तर ठरावीक गिअरच नाहीत. दोन पुली आणि एक पट्टा; पुली रुंद-अरुंद होतात आणि वेग सलग बदलत जातो. नेदरलँड्सच्या डाफ कंपनीने 1958 मध्ये रबरी पट्ट्यांची अशी गाडी आणली. ती मागेही पुढच्याइतक्याच वेगाने पळायची, म्हणून तिकडे उलट्या गाड्यांच्या शर्यती लागल्या! आजचा पट्टा पोलादाचा, शेकडो पातळ तुकडे ओवलेला. तो ओढत नाही, ढकलतो. पट्ट्याने ढकलता येतं, यावर तुमचा विश्वास बसतो? आणि त्याच्या ऑइलने धातू घासू द्यायचा नाही आणि घसरूही द्यायचा नाही. म्हणून सीव्हीटीत भलतंच ऑइल घालणं म्हणजे पट्ट्याचा घात.

आता सगळ्यांत हुशार आणि सगळ्यांत बदनाम: ड्युअल क्लच. एक क्लच विषम गिअरांचा, दुसरा समांचा. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच लागून तयार असतो; फक्त क्लचची अदलाबदल, तीही क्षणार्धात. ही कल्पना 1930 च्या दशकात फ्रेंच अभियंता अदोल्फ केग्रेसने मांडली. (हे गृहस्थ त्याआधी रशियाच्या झारच्या मोटारी सांभाळत.) पण दोन क्लच इतक्या अचूक हलवायला संगणक लागतो, म्हणून सर्वसामान्यांच्या गाडीत ती यायला 2003 उजाडलं.

यातला कोरडा क्लच स्वस्त आणि हलका, पण त्याला थंड करायला ऑइल नाही. अर्धवट दाबलेल्या क्लचवर गाडी इंच इंच सरकली की तो तापतो. 2013 मध्ये फोक्सवॅगनने सात गिअरांच्या अशा गिअरबॉक्सच्या सुमारे 16 लाख गाड्या जगभरातून परत बोलावल्या. तिथे दोष मात्र क्लचचा नव्हता! उष्ण, दमट हवेत आणि थांबत-चालत रहदारीत गिअरांसाठीच्या सिंथेटिक ऑइलमुळे वीजपुरवठ्यात बिघाड होऊ शकत होता. इलाज? साधं मिनरल ऑइल. उष्ण, दमट, थांबत-चालत... हे वर्णन वाचून ठाणेकरांना वेगळं काही सांगायला नको. ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचची आवृत्ती उष्णता बरी सोसते, म्हणून विक्रेत्याला आधी विचारा: क्लच कोरडा की ओला?

एएमटी सगळ्यांत साधा. नेहमीचाच मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम तुमच्याऐवजी यंत्रणा करते. आपल्याकडे 2014 मध्ये सेलेरिओने तो घरोघरी नेला. झटके देतो, पण क्लच प्लेट गेली तरी खर्च बहुधा आवाक्यातला. चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवू नका, एवढंच.

जुनी गाडी घेत असाल तर सकाळी, इंजिन थंड असतानाच बघायला जा. मग अर्धा तास गर्दीत चालवा, चढावर थांबवून पुन्हा सोडा. थरथर, उशिरा लागणारा गिअर किंवा इंजिनाचा आवाज वाढूनही गाडी तशीच, यांतलं काही जाणवलं तर सौदा सोडा. ऑइल कधी बदललं, याची पावती मागा. आणि नवी, कोरड्या ड्युअल क्लचची गाडी घेऊन रोज तुंबलेल्या रस्त्याने जाणार असाल, तर वाढीव वॉरंटीचे पैसे वाचवू नका.