भूकंपाच्या यंत्राआडून आलेला शोध

फेरोइलेक्ट्रिसिटीचा इतिहास सांगताना वर्गात सहसा एक गोष्ट गाळली जाते. तिचं मूळ भूकंपात आहे. भूकंप सोसलेल्या किल्लारीकरांनी तर ती ऐकायलाच हवी.

1919च्या सुमारास मिनेसोटा विद्यापीठातल्या प्रा. स्वान यांना जमिनीच्या हादऱ्याचं त्वरण मोजणारं यंत्र हवं होतं. रोशेल मिठाचा स्फटिक दाबला की वीज देतो, म्हणून आधी त्याचीच परीक्षा घ्यायचं काम जोसेफ व्हॅलासेक या विद्यार्थ्याकडे आलं. यंत्र राहिलं बाजूलाच. विद्युतदाब चढवून उतरवला, तर आलेखावरची रेघ गेल्या वाटेनं परत येईना. लोखंडाच्या चुंबकत्वासारखा वळसा घेऊ लागली. बाहेरचा विद्युतदाब काढला तरी स्फटिकातलं ध्रुवीकरण टिकत होतं, उलटा दाब दिला की फिरत होतं. हीच फेरोइलेक्ट्रिसिटी. 1920 साली त्यानं हे जाहीर केलं.

किल्लारी 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी हादरली. गणपती बोळवून माणसं नुकती झोपली होती. तोवर हा टापू भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याचा! 'इथे होणे नाही' असं लिहून ठेवलेल्या गोष्टींचं हे असं असतं.

धातूंबद्दलही असंच लिहून ठेवलं होतं: मोकळे इलेक्ट्रॉन बाहेरचं विद्युत क्षेत्र आत शिरूच देत नाहीत, मग ध्रुवीकरण उलटणार कसं? 1965 साली अँडरसन आणि ब्लाउंट यांनी 'फेरोइलेक्ट्रिक' धातूंची शक्यता मांडली, पण शोधनिबंधाच्या शीर्षकात तो शब्द अवतरणात, शेवटी प्रश्नचिन्ह. सावध माणसं!

2014 साली बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्रातल्या शर्मिला शिरोडकर आणि उमेश वाघमारे यांनी गणितानं दाखवलं, की मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या एका धातुरूप थरातले अणू तिघातिघांनी जवळ आले की तो फेरोइलेक्ट्रिक होतो. मात्र त्यासाठी त्याला धातूपण सोडून अर्धवाहक व्हावं लागतं.

धातूपण न सोडणारा नमुना 2018 साली सिअ‍ॅटलला सापडला, तोही शोधत नसताना. डेव्हिड कॉब्डेन यांच्या गटाचं लक्ष टंग्स्टन डायटेल्युराइडच्या एकेरी थराच्या कडेनं वाहणाऱ्या विजेवर होतं. दोन-तीन थरांच्या नमुन्यात वाहकता विचित्र वागू लागली: क्षेत्र वाढवत आणलंय की उतरवत, यावर आकडा बदलायचा. खात्रीसाठी त्यांनी शेजारी ग्राफिन ठेवलं; ध्रुवीकरण उलटलं की त्याचीही वाहकता उडी मारे. इतक्या पातळ धातूत इलेक्ट्रॉन आडवे मोकळे धावतात, पण उभ्या दिशेनं क्षेत्र पुरतं झाकायला त्यांना जागाच उरत नाही. एकेरी थरात मात्र हा खेळ दिसत नाही. किमान दोन लागतात, कारण ध्रुवीकरण फिरतं ते एक थर दुसऱ्यावरून किंचित सरकल्यामुळे, असं पुढच्या गणितांनी दाखवलं.