डोळ्यांतील औषध: एक थेंब, आणि तोही टिकणारा

डोळ्यांत जितके अधिक औषध घालावे तितका गुण लवकर येतो, ही समजूत आपल्याकडे इतकी दृढमूल झाली आहे की, डॉक्टरांनी एक थेंब सांगितला असता तीन थेंब घालणारी माणसे, आपण रुग्णाचे हितच करीत आहोत अशा श्रद्धेने बाटली दाबीत असतात. हकीकत अशी आहे की, डोळ्याच्या पृष्ठभागावर एरवी अवघे ७ मायक्रोलिटर अश्रुजल असते, खालच्या पापणीच्या खोबणीसह तेथे फार तर ३० मायक्रोलिटर द्रव मावतो, आणि बाटलीतून पडणारा एकच थेंब ३० ते ५० मायक्रोलिटरांचा असतो. म्हणजे पहिल्याच थेंबाचा काही अंश गालावर ओघळतो आणि पाठोपाठ घातलेला दुसरा थेंब पहिल्याला धुऊन नेतो.

औषध घातल्यावर घशाशी कडवट चव आली म्हणजे ते बरोबर लागू पडले, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः नाकाजवळच्या कोपऱ्यातील सूक्ष्म छिद्रांवाटे औषध नाकात आणि तेथून घशात उतरल्याची ती खूण असते. यास्तव थेंब घातल्यावर डोळा अलगद मिटून तो कोपरा बोटाने दोन-तीन मिनिटे दाबून धरावा, दुसरे औषध निदान पाच मिनिटांनी घालावे, आणि मलम असल्यास ते सर्वांत शेवटी लावावे.

डोळे येण्याच्या साथी बहुधा विषाणूंच्या असतात आणि त्यांवर प्रतिजैविकांची मात्रा चालत नाही. शेजाऱ्याची उरलेली बाटली तर मुळीच वापरू नये, कारण तीत स्टिरॉइड मिसळलेले असल्यास अपाय दारुण होतो.

खरी चिंता वाटते ती बुबुळावरील जखमेची. उसाचे पाते किंवा भाताचे कूस लागून स्वच्छमंडलावर, म्हणजे बुबुळावरील पारदर्शक पडद्यावर, जिवाणूंचा व्रण झाला असता प्रारंभी दर तासाला, रात्रीसुद्धा, थेंब घालण्याची तजवीज डॉक्टर करतात. आणि रुग्णाची झोप मोडू नये म्हणून घरची मायाळू माणसे नेमके रात्रीचेच थेंब चुकवतात. स्वच्छमंडलाचा बाहेरचा थर स्निग्ध आणि मधला जलप्रिय, त्यामुळे घातलेल्या औषधापैकी शेकडा पाचाहूनही कमी भाग आत पोहोचतो, अश्रू उरलेले वाहून नेतात. अशा स्थितीत सहा तासांचा खंड पडला तर जिवाणूंना मोकळे रान मिळते, आणि व्रण भरून आला तरी मागे पांढरे फूल राहून दृष्टी कायमची अधू होऊ शकते. असाच व्रण बुरशीमुळेही होतो, त्याचे औषध निराळे. म्हणून व्रण खरवडून त्याची तपासणी होणे अगत्याचे असते.

औषध अधिक तीव्र करणे एवढाच सुधारणेचा मार्ग, हेही खरे नव्हे. ते अधिक काळ टिकविणे, हा संशोधकांचा मुख्य प्रयत्न आहे. जेलन नावाचा पदार्थ बाटलीत द्रव असतो आणि अश्रूंतील सोडियमचा स्पर्श होताच घट्ट होतो. पॉलिकार्बोफिल या चिकट बहुवारिकात मिसळलेले अ‍ॅझिथ्रोमायसिनचे १ टक्क्याचे थेंब अमेरिकेत २००७ साली मंजूर झाले. ते पहिले दोन दिवस रोज दोनदा आणि पुढे पाच दिवस रोज एकदाच घालावयाचे असतात. मात्र ही सवलत जिवाणूंमुळे डोळे आले असतील तेवढ्यापुरतीच आहे. बुबुळावरील व्रणाला तिचा आधार घेता येत नाही. तेथे आजही तासातासाचाच बंदोबस्त ठेवावा लागतो.