लंच टाइममध्ये राजकीय सभेला गेलं तर सरकारी नोकरी अडचणीत येते का?

एप्रिल महिना, चंद्रपूरचं ऊन, दुपारचा एक. ऑफिसात डबे उघडतात आणि तेवढ्यात कळतं, चांदा क्लब ग्राउंडवर मोठ्या नेत्याची सभा आहे. पटकन जेवून दहा मिनिटं भाषण ऐकावं, एक सेल्फी काढावा आणि परत येऊन टेबलावर बसावं. सुट्टी आपली आहे, मग कोण काय बोलणार?

इथेच घोळ होतो. जेवणाची सुट्टी असली तरी सरकारी नोकरीचे नियम सुट्टीवर जात नाहीत.

सुट्टी नेमकी किती?

राज्य सरकारच्या २०१९ च्या आदेशानुसार दुपारी १ ते २ या वेळेत जास्तीत जास्त अर्धा तास जेवणासाठी मिळतो. म्हणजे 'एक ते दोन लंच' हा समजच चुकीचा आहे. सभेला जाऊन यायचं तर निम्मा वेळ रस्त्यातच जातो आणि नेते वेळेवर येतील याची खात्री नसते. उशीर झाला तर तो कामाच्या वेळेतला गैरहजेरीचा प्रश्न होतो.

नियम काय सांगतो?

महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधला नियम ५ राजकारणाबद्दल आहे. त्यानुसार सरकारी कर्मचाऱ्याला पक्षाचं सदस्य होता येत नाही. राजकीय चळवळीत भाग घेणं, तिला वर्गणी किंवा इतर मदत देणं आणि निवडणुकीत प्रचार करणं, हेही चालत नाही. अंगावर, गाडीवर किंवा घरावर निवडणूक चिन्ह लावलं, तरी तो निवडणुकीत वजन वापरण्याचाच प्रकार धरला जातो. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना आणि कर्मचाऱ्यांना १९६७ चे वेगळे वर्तणूक नियम आहेत.

नुसतं ऐकायला गेलं तर?

केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी याचं उत्तर १९४९ मध्येच देऊन ठेवलं आहे. त्यात तीन अटी आहेत. सभा सर्वांसाठी खुली हवी. ती मनाई आदेश मोडून किंवा गरजेची परवानगी न घेता भरवलेली नसावी. आणि कर्मचाऱ्याने तिथे भाषण करू नये किंवा आयोजनात पुढाकार घेऊ नये. या अटी पाळून एखाद्या वेळी गेलं तर तो राजकारणातला सहभाग धरला जाईलच असं नाही. पण एकाच पक्षाच्या सभांना वारंवार हजेरी लावली, तर तो कर्मचारी त्या पक्षाचा समर्थक आहे असा समज होणारच, हेही त्यात बजावलं आहे.

निवडणूक आचारसंहिता लागली की ही सवलत गृहीत धरू नये. निवडणूक आयोगाच्या सूचनांनुसार प्रचारसभेत बंदोबस्तासारख्या ड्युटीवर असलेल्यांनीच थांबायचं, इतर सरकारी कर्मचाऱ्यांनी लांब राहायचं. उमेदवाराचा मतदान किंवा मतमोजणी प्रतिनिधी होणं तर थेट गुन्हा आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३४अ नुसार त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

खरी अडचण सेल्फीची

गर्दीत कोण उभं होतं हे उद्या कोणाला आठवणार नाही. पण स्टेटसला टाकलेला फोटो तारीख-वेळेसकट पुरावा होतो. गळ्यात पक्षाचा दुपट्टा असेल तर 'मी फक्त ऐकायला गेलो होतो' हे पटवणं अवघड जातं. जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने कर्मचाऱ्यांच्या सोशल मीडिया वापरावर स्वतंत्र सूचना काढल्या. त्या मोडल्या तर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते.

खासगी नोकरीत काय?

दुकान, खासगी कंपनी किंवा रोजंदारीवर काम करणाऱ्यांना हे सरकारी वर्तणूक नियम लागू नाहीत. शांततेने एकत्र जमण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९ ने दिलेला आहे. मात्र सुट्टी संपायच्या आत परतणं आणि कंपनीचे स्वतःचे नियम पाळणं आलंच. कोळसा खाणी चालवणारी वेकोलि किंवा वीज केंद्र चालवणारी महानिर्मिती या सरकारी कंपन्या आहेत. तिथल्या कामगारांनी आधी आपापले सेवानियम पाहिलेले बरे.

मग हातात काय उरतं?

मत. ते कोणताही वर्तणूक नियम काढून घेत नाही, आणि त्यासाठी लंच टाइममध्ये धावपळही करावी लागत नाही. १९ एप्रिल २०२४ ला लोकसभेसाठी गडचिरोली, आरमोरी, अहेरी आणि आमगाव या विधानसभा क्षेत्रांत मतदान दुपारी ३ वाजताच संपलं. अशा ठिकाणी कामावरून सुटून मत देणं अवघडच. म्हणूनच लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ब नुसार खासगी कामगारांनाही मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी आहे.

सरकारी कर्मचाऱ्यासाठी अट एकच: मत कोणाला देणार किंवा दिलं, याची वाच्यता करायची नाही. स्टेटसलासुद्धा.